अल्प्रोस्टॅडिल ऊर्फ पीजीई-१: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या औषधाबद्दल विचारणारी माणसं एरवी एका रांगेत उभी राहिली नसती. एकीकडे एनआयसीयूच्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या) दाराबाहेर ताटकळलेले आईवडील आणि रात्रपाळीच्या सिस्टर, दुसरीकडे यूरॉलॉजिस्टने चिठ्ठीवर इंजेक्शन लिहून दिलेले पन्नाशी-साठीचे गृहस्थ. प्रश्न १ ते १३ बाळांबद्दल आहेत, १४ पासून पुढचे मोठ्यांबद्दल. पहिले दोन मात्र सगळ्यांनी वाचावेत. डोसाचे आकडे दिलेत ते काय चाललंय हे समजावं म्हणून. त्यावरून स्वतः डोस ठरवू नये किंवा बदलू नये.

१. अल्प्रोस्टॅडिल म्हणजे नेमकं काय? हे स्टिरॉइड आहे का?

नाही, स्टिरॉइडशी याचा काही संबंध नाही. शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशी स्निग्ध आम्लांपासून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बनवत असतात. त्यांतली काही रक्तवाहिन्या सैल करतात, काही आवळतात, काही ताप चढवतात, काही गर्भाशयाला कळा आणतात. त्यांतल्या ई-१ (पीजीई-१) या प्रकाराचं औषध म्हणून नाव अल्प्रोस्टॅडिल. रक्तवाहिनीच्या भिंतीतला स्नायू सैल करणं हे त्याचं मुख्य काम. शिवाय रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटण्याचं प्रमाणही ते कमी करतं.

एक गोष्ट इथेच लक्षात घ्या, कारण पुढची निम्मी उत्तरं तिच्यावर उभी आहेत: हे औषध शरीरात टिकत नाही. शिरेतून दिलेल्या औषधाचा ८० टक्क्यांपर्यंत भाग फुप्फुसांतून एक फेरी होईपर्यंत निकामी होतो. म्हणून बाळांना ते पंपावर अखंड चालू ठेवावं लागतं, आणि मोठ्यांना बहुधा जिथे परिणाम हवा तिथेच टोचतात.

२. मिसोप्रोस्टॉल, डायनोप्रोस्टोन, इलोप्रोस्ट... हे सगळं एकच ना? एकाच्या जागी दुसरं चालेल?

घराणं एक, कामं वेगळी. मिसोप्रोस्टॉल हा ई-१ चाच कृत्रिम भाऊबंद, पण तो गोळीच्या रूपात पोटाच्या अल्सरसाठी आणि प्रसूतीशी संबंधित उपचारांत वापरतात. डायनोप्रोस्टोन म्हणजे ई-२. कळा सुरू करण्यासाठी त्याचं जेल मिळतं. इपोप्रोस्टेनॉल, इलोप्रोस्ट आणि ट्रेप्रोस्टिनिल फुप्फुसांतला रक्तदाब वाढण्याच्या आजारात देतात. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला देतात ते कार्बोप्रोस्ट तर एफ-२-अल्फा गटातलं. ते गर्भाशय जोरात आवळतं आणि दम्याच्या रुग्णाला धोक्याचं ठरू शकतं.

नावात ‘प्रोस्ट’ दिसलं म्हणून अदलाबदल करायची नाही. एकच अपवाद आहे, तो प्रश्न १३ मध्ये पाहा.

३. आमच्या बाळाची ‘डक्ट’ उघडी ठेवायला औषध चालू आहे, आणि शेजारच्या बाळाला तीच बंद करायचं औषध देतायत. हे कसं काय?

दोन्ही बरोबर आहे. पोटात असताना बाळाची फुप्फुसं श्वासाचं काम करत नाहीत. त्यामुळे हृदयाच्या उजव्या बाजूचं बरंचसं रक्त फुप्फुसांना वळसा घालून ‘डक्टस आर्टेरिओसस’ या आखूड वाहिनीतून थेट महाधमनीत उतरतं. जन्मल्यावर रक्तातला ऑक्सिजन वाढतो, वारेतून येणारं प्रोस्टाग्लँडिन थांबतं आणि ही वाहिनी आवळू लागते. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळात ती बहुधा दोन-तीन दिवसांत बंद होते.

शेजारचं बाळ बहुतेक अपुऱ्या दिवसांचं असणार. अशा बाळांची डक्ट वेळेवर मिटत नाही आणि फुप्फुसांत जास्तीचं रक्त लोटत राहतं. म्हणून शरीरात प्रोस्टाग्लँडिन तयार होणं थांबवणारी आयबुप्रोफेन किंवा इंडोमेथासिनसारखी औषधं देतात. तुमच्या बाळाच्या हृदयाची रचना अशी आहे की फुप्फुसांकडे किंवा शरीराकडे रक्त पोचायला डक्टखेरीज पुरेसा रस्ताच नाही. तो रस्ता मिटला तर बाळ काही तासांत कोसळू शकतं.

१९७३ साली टोरोंटोत कोचेआनी आणि ऑली यांनी कोकरांच्या डक्टवर प्रयोग करून दाखवलं की ई गटातलं प्रोस्टाग्लँडिन ही वाहिनी सैल करतं. १९७५ पासून नवजात बाळांवरचे अनुभव छापून येऊ लागले आणि १९८१ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. त्याआधी निळ्या पडलेल्या, रक्तात आम्ल साचलेल्या बाळाला मिळेल त्या वेळी तसंच ऑपरेशनला घ्यावं लागे. आता आधी बाळ सावरतं, मग सर्जन हात लावतात. या औषधाची खरी कमाई ती. त्यामुळे ‘औषधाने दोष बरा होईल का’ या प्रश्नाचं उत्तर नाही असंच आहे. दोष जिथल्या तिथे राहतो, वेळ मिळतो.

४. हृदयाच्या कोणत्या दोषांत हे लागतं? भोक असलं तरी लागतं का?

नुसत्या भोकाला, म्हणजे हृदयाच्या कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र असण्याला (एएसडी किंवा व्हीएसडी), लागत नाही. हे प्रामुख्याने तीन प्रकारच्या बाळांना लागतं. फुप्फुसांकडे जाणारा रस्ता बंद किंवा फार अरुंद असलेली बाळं: पल्मनरी अट्रेसिया, पल्मनरी झडप अतिशय अरुंद असणं, ट्रायकस्पिड अट्रेसियाचे काही प्रकार, तीव्र स्वरूपाची टेट्रॅलॉजी ऑफ फॅलो. ही बाळं निळी पडतात. दुसऱ्या प्रकारात शरीराकडे जाणारा रस्ता अडलेला असतो: महाधमनीचं तीव्र कोआर्क्टेशन (ती एका जागी अरुंद असणं), महाधमनीची कमान मधेच तुटलेली असणं, हृदयाची डावी बाजू खुरटलेली असणं. ही बाळं निळी दिसतीलच असं नाही. ती फिकट, थंडगार पडतात, लघवी कमी होते, पायातली नाडी हाताला लागत नाही. तिसरा प्रकार म्हणजे मुख्य धमन्यांची अदलाबदल, टीजीए. तिथे डक्टमुळे दोन वेगळ्या पडलेल्या प्रवाहांत थोडी सरमिसळ होते, पण तेवढ्यावर भागेलच असं नाही (प्रश्न १२).

५. इको (हृदयाची सोनोग्राफी) झालीच नाही आणि औषध सुरू केलं. इतकी घाई का?

ही घाई योग्यच आहे. जन्मानंतर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बाळ अचानक ढासळलं तर दोनच शंका आधी येतात, रक्तात जंतुसंसर्ग किंवा डक्टवर अवलंबून असलेला हृदयदोष. खाटेजवळ उभं राहून पाहिलं तर दोन्ही सारखेच दिसतात: दूध ओढत नाही, अंग थंड, श्वास जोरात, रक्तात लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की साचणारं रसायन) वाढलेलं. म्हणून बरेच डॉक्टर दोन्हींचे उपचार एकदमच सुरू करतात, अँटिबायोटिकही आणि अल्प्रोस्टॅडिलही, आणि मग इकोसाठी धावपळ करतात. इकोत हृदय नीट निघालं तर औषध बंद करता येतं, काही मिनिटांत त्याचा असर ओसरतो. मिटलेली डक्ट मात्र जितकी जुनी, तितकी ती पुन्हा उघडण्याची शक्यता कमी.

इको नसताना दिशा दाखवणाऱ्या काही गोष्टी असतात. उजव्या हाताचं आणि पायाचं ऑक्सिजन सॅच्युरेशन वेगवेगळं मोजतात. दोन्हींत ३ टक्क्यांहून जास्त फरक असेल किंवा आकडे ९५ च्या खाली असतील तर शंका बळावते. शुद्ध ऑक्सिजन देऊनही धमनीतला ऑक्सिजन फारसा वाढत नसेल तर दोष फुप्फुसांपेक्षा हृदयात असण्याची शक्यता जास्त. उलट अपुऱ्या दिवसांच्या बाळाला फुप्फुसं न पिकल्यामुळे श्वासाचा त्रास होत असेल तर तिथे हे औषध देऊ नये. तेवढा फरक करणं डॉक्टरांना भाग असतं.

६. डोस किती असतो आणि पंपावर तो कसा लावतात?

हा प्रश्न बहुतेक वेळा सिस्टरकडून येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

सुरुवात साधारण किलोमागे मिनिटाला ०.०५ ते ०.१ मायक्रोग्रॅम. डक्ट उघडली, सॅच्युरेशन किंवा पायातली नाडी सुधारली की डोस उतरवत ०.०१ पर्यंत आणतात. इकोत डक्ट उघडी दिसलीच असेल तर अनेक ठिकाणी सुरुवातच ०.०१ किंवा ०.०२ ने करतात. डोस वाढवून फायदा फारसा वाढत नाही, त्रास नक्की वाढतो.

प्रत्यक्ष हिशेब असा. एका ॲम्प्यूलमध्ये १ मिलिलिटरला ५०० मायक्रोग्रॅम. ते पातळ करून ५० मिलिलिटर केलं की प्रत्येक मिलिलिटरमध्ये १० मायक्रोग्रॅम झाले. बाळ ३ किलोचं, डोस ०.०५: म्हणजे ०.०५ गुणिले ३ गुणिले ६०, तासाला ९ मायक्रोग्रॅम. पंपावर वेग ०.९ मिलिलिटर. डोस ०.०१ केला तर वेग ०.१८.

चूक होते ती दशांश चिन्हात. ०.०१ च्या जागी ०.१ लागलं की बाळाला दहापट औषध गेलं. त्यात काही ठिकाणी डोस नॅनोग्रॅममध्ये सांगतात, ०.०१ मायक्रोग्रॅम म्हणजे १० नॅनोग्रॅम. दुसऱ्या रुग्णालयातून बाळ आलं असेल तर आकड्याबरोबर एककही मोठ्याने वाचून दोघींनी पडताळून पाहावं.

ॲम्प्यूल फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं. औषध निर्जल अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं असतं, त्यामुळे पातळ न करता ते प्लास्टिकला लागलं तर प्लास्टिक धुरकट होतं. म्हणून आधी सलाईन किंवा ग्लुकोज भरायचं, मग त्यात औषध सोडायचं. प्लास्टिक धुरकट दिसलं तर ते मिश्रणही टाकायचं आणि भांडंही बदलायचं. मिश्रण दर २४ तासांनी नवं करायचं. त्याच लाइनमधून दुसरं औषध झटक्यात ढकलू नये, कारण नळीत साचलेलं अल्प्रोस्टॅडिल त्याच्यापुढे एकदम आत जातं.

७. औषध सुरू झाल्यावर बाळाचा श्वास थांबला. बाळ खालावलं का?

बहुतेक वेळा नाही. हा औषधाचा माहीत असलेला आणि सगळ्यांत महत्त्वाचा दुष्परिणाम आहे. हृदयदोष असलेल्या नवजात बाळांपैकी सुमारे १० ते १२ टक्क्यांत तो दिसतो, जन्मवजन २ किलोपेक्षा कमी असेल तर जास्त, आणि बहुधा पहिल्या तासात. औषधाच्या माहितीपत्रकात सगळ्यांत वर चौकटीत हाच इशारा छापलेला असतो.

म्हणून हे औषध जिथे बाळाला लगेच कृत्रिम श्वास देता येतो तिथेच सुरू करतात. श्वास थांबला तर आधी बाळाला हलवून-चोळून जागं करतात, लागलं तर बॅग-मास्कने श्वास देतात, डोस उतरवतात किंवा ओतणं थोडा वेळ थांबवतात. मात्र डक्टवर अवलंबून असलेल्या बाळाचं औषध कायमचं थांबवून भागत नाही. गरज पडली तर बाळाला व्हेंटिलेटरवर ठेवून औषध चालू ठेवतात. काही ठिकाणी कॅफीन किंवा ॲमिनोफिलिनही देतात.

रुग्णवाहिकेतून दूर न्यायचं असेल तर निघायच्या आधीच कृत्रिम श्वासासाठी श्वासनलिकेत नळी टाकायची का, यावर डॉक्टरांमध्ये दोन मतं आहेत. डोस कमी, बाळ स्थिर, अंतर थोडं असेल तर नळीशिवायही नेतात. डोस जास्त असेल किंवा श्वास एकदा थांबून गेला असेल तर आधी नळी टाकलेली बरी, असं माझंही मत. धावत्या गाडीत नळी टाकणं कुणालाच सोपं जात नाही.

८. ताप आला आणि अंग लालबुंद झालं. इन्फेक्शन झालं असेल का?

असू शकतं, पण औषधानेही हे होतं. सुमारे १४ टक्के बाळांत ताप, १० टक्क्यांत त्वचा लाल होणं नोंदलं गेलंय. लाली धमनीतून औषध देताना जास्त दिसते. कॅथेटरचं, म्हणजे धमनीतल्या बारीक नळीचं, टोक थोडं सरकवलं की बहुधा ओसरते. रक्तदाब उतरणं, हृदयाचे ठोके मंदावणं, जुलाब, कधी झटके येणं हेही होऊ शकतं. ताप किंवा कमी रक्तदाबासाठी आधी डोस उतरवून पाहतात. तरीही नवजात बाळाचा ताप ‘औषधाचाच असेल’ म्हणून सोडून देत नाहीत. रक्ताची तपासणी होतेच, आणि व्हायलाच हवी.

९. हातातली सुई निघाली आणि पंप काही वेळ बंद होता. आता?

औषधाचा असर मिनिटांत ओसरतो (प्रश्न १), त्यामुळे ही तातडीची गोष्ट समजतात. डक्ट त्याच क्षणी मिटत नाही, पण किती वेळ तग धरेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. म्हणून बहुतेक ठिकाणी दुसरी सुई आधीच लावून ठेवलेली असते आणि पुढची सिरिंज भरून तयार असते. पंपाची घंटा वाजताना दिसली तर संकोच न करता सिस्टरना हाक मारा. यात तुम्ही लुडबुड करताय असं कुणालाही वाटणार नाही.

१०. सॅच्युरेशन ८० दाखवतंय आणि तरी ऑक्सिजन वाढवत नाहीत. का?

कारण या बाळांसाठी अनेकदा ७५ ते ८५ हाच योग्य पट्टा असतो. निळं आणि लाल रक्त मिसळत असताना १०० दिसणं ही चांगली बातमी नसते. ऑक्सिजन स्वतःच डक्टला आवळायला लावतो, आणि फुप्फुसांतल्या वाहिन्या सैल करून रक्त तिकडेच ओढून घेतो. मग मेंदू, आतडी, मूत्रपिंड यांना कमी पडतं. मॉनिटरवरच्या एका आकड्यापेक्षा बाळाचे हातपाय उबदार आहेत का, लघवी होते का, लॅक्टेट उतरतंय का, हे जास्त सांगून जातं.

सुधारणा किती वेळात दिसेल हे दोषावर ठरतं. निळ्या बाळांत साधारण अर्ध्या तासात. कोआर्क्टेशनमध्ये सुमारे ३ तास लागू शकतात, कधी त्याहूनही बरेच जास्त. तेवढ्या वेळात ‘औषध लागू पडत नाही’ असा निष्कर्ष काढू नये.

११. ऑपरेशन लांबलंय. हे औषध किती दिवस चालू ठेवता येतं? दूध पाजता येईल का?

ठरलेली शेवटची तारीख अशी नाही. काही बाळांना आठवडेच्या आठवडे द्यावं लागतं. लांबलं की काही गोष्टींवर लक्ष ठेवतात. साधारण पाच दिवसांनंतर जठराच्या तोंडाशी अस्तर जाड होऊन अन्न पुढे सरकायला अडथळा येऊ शकतो. बाळ सारखं ओकतंय, पोट फुगतंय, तर याचा विचार करायला हवा. आठवडे उलटले की हातापायांच्या लांब हाडांवर नवा थर चढून ती जाड दिसू लागतात, कधी दुखतात, सुजतात. हाडाला जंतुसंसर्ग झाला असं वाटून घाबरगुंडी उडते, पण औषध थांबल्यावर ही जाडी हळूहळू उतरते. जास्त काळ लोटला की डक्टची भिंतही ठिसूळ होऊ शकते. म्हणून कमीत कमी डोस, कमीत कमी दिवस. काही बाळांत डक्टमध्ये स्टेंट बसवून औषधातून सुटका करता येते.

दुधाबद्दल सरसकट उत्तर देता येत नाही. स्थिर बाळाला, विशेषतः आईचं दूध, थोडंथोडं देतात. आतड्यांकडे रक्त कमी जात असेल तर थांबतात. आईने दूध काढून साठवत राहावं, त्याचा उपयोग होतो.

१२. औषध सुरू केल्यावर बाळ उलट बिघडलं. असं होऊ शकतं?

होऊ शकतं, आणि तेव्हा तीच माहिती निदानाला उपयोगी पडते. फुप्फुसांतून येणारं शुद्ध रक्त हृदयाच्या डाव्या कप्प्यात पोचायलाच अडथळा असेल तर फुप्फुसांत आणखी रक्त लोटून काही साधत नाही, ती तुंबत जातात. फुप्फुसांच्या शिरा चुकीच्या ठिकाणी जोडलेल्या आणि शिवाय अडलेल्या असतात, तेव्हा हे घडतं. डावी बाजू खुरटलेल्या किंवा धमन्यांची अदलाबदल असलेल्या बाळात दोन वरच्या कप्प्यांमधलं छिद्र फार बारीक असेल तरी हेच होतं. टीजीएत अशा वेळी फुग्याच्या कॅथेटरने छिद्र मोठं करतात. ही पद्धत १९६६ पासून रश्किंड यांच्या नावाने ओळखली जाते.

म्हणून डोस वाढवत नेऊनही बाळ खालावत असेल तर आणखी वाढवण्याऐवजी इको आणि हृदयतज्ज्ञ लवकर गाठणं महत्त्वाचं.

१३. रुग्णालयात अल्प्रोस्टॅडिल नसेल तर?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मुलांसाठीच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत नवजात बाळांसाठी प्रोस्टाग्लँडिन ई आहे, ते ई-१ असो वा ई-२. ई-१ हाताशी नसेल तिथे डायनोप्रोस्टोन, म्हणजे ई-२, ठरावीक अंतराने नळीतून पोटात देऊन डक्ट उघडी ठेवल्याचा अनुभव जुना आहे. प्रश्न २ मध्ये म्हटलेला अपवाद तो हाच. मात्र हे काम हृदयतज्ज्ञांच्या सांगण्यावरूनच. श्वास थांबण्याचा धोका यातही असतो, तेव्हा प्रश्न ७ मधली तयारी इथेही हवीच.

१४. लिंगाच्या ताठरतेसाठी गोळ्या मिळतात, मग मला इंजेक्शन का लिहून दिलं?

सिल्डेनाफिलसारख्या गोळ्यांना मज्जातंतूंकडून येणारा इशारा लागतो. तो असेल तरच त्या त्याला जोर देतात. प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन, पाठीच्या कण्याला इजा, बरीच वर्षं मुरलेला मधुमेह यांत तो इशाराच क्षीण झालेला असतो. अल्प्रोस्टॅडिल मज्जातंतूंना वळसा घालून थेट लिंगातल्या स्नायूला सैल करतं, त्यामुळे रक्त भरतं. असर ५ ते २० मिनिटांत दिसतो. अमेरिकेत या वापराला १९९५ मध्ये मान्यता मिळाली. टोचून घ्यायची भीती वाटणाऱ्यांसाठी मूत्रमार्गात सरकवायची बारीक कांडी आणि मलम हेही प्रकार आहेत, पण इंजेक्शनइतका भरवसा त्यांचा नाही.

१५. डोस आणि टोचण्याची पद्धत कशी ठरते?

पहिला डोस दवाखान्यातच. तो टाळायचा नाही, कितीही अवघड वाटलं तरी. साधारण २.५ मायक्रोग्रॅमने सुरुवात करतात, मज्जासंस्थेचा विकार असेल तर त्याच्या निम्म्याने, कारण अशा रुग्णांत थोड्यानेही खूप परिणाम होतो. ताठरता पुरेशी यावी पण तासाभरात ओसरावी, असा डोस पक्का करतात.

सुई लिंगाच्या मुळाकडच्या भागात बाजूला टोचतात. वर मधोमध नसा आणि मज्जातंतू असतात, खाली मूत्रमार्ग, तिथे नाही. दिसणारी शीर टाळायची, दर वेळी बाजू बदलायची, नंतर काही मिनिटं दाबून धरायचं. दिवसातून एकदाच, आठवड्यात तीनदाच, मधे किमान २४ तास. परिणाम कमी वाटला म्हणून त्याच दिवशी दुसरं इंजेक्शन घेणं हीच सगळ्यांत जास्त अंगाशी येणारी गोष्ट आहे. सुरुवातीच्या काळात दुखतं अशी तक्रार बऱ्याच जणांची असते. ती कालांतराने कमी होते. पण हाताला गाठ लागली किंवा लिंग वाकडं होतंय असं दिसलं तर इंजेक्शन थांबवून डॉक्टरांना दाखवा.

१६. ताठरता उतरतच नाही. किती वेळ वाट पाहू?

चार तास ही हद्द. त्यानंतर रुग्णालय गाठायचं, रात्र असली तरी, घरात कुणाला काय सांगायचं हा प्रश्न असला तरी. आत अडकलेल्या रक्तातला ऑक्सिजन संपतो आणि स्नायू कायमचा निकामी होऊ शकतो. रुग्णालयात रक्त ओढून काढतात आणि लागलं तर रक्तवाहिन्या आवळणारं फिनाइलेफ्रिन टोचतात. लवकर गेलात तर बहुधा तेवढ्यावर भागतं.

सिकल सेल, मल्टिपल मायलोमा किंवा ल्युकेमिया असलेल्यांना हा धोका जास्त, म्हणून त्यांना हे औषध देत नाहीत. लिंगात इम्प्लांट बसवलेल्यांनाही नाही.

१७. मी हृदयाच्या नायट्रेटच्या गोळ्या आणि रक्त पातळ करणारं औषध घेतो. मला चालेल का? आणि पत्नी गरोदर असेल तर?

सिल्डेनाफिल आणि नायट्रेट एकत्र घेणं जीवावर बेतू शकतं, ते पूर्ण वर्ज्य. अल्प्रोस्टॅडिलच्या इंजेक्शनला नेमकी तीच बंदी नाही, कारण रक्तात फारच थोडं पोचतं आणि लगेच संपतं. पण शरीरसंबंधाचा ताण तुमचं हृदय झेपवू शकतं का, हे हृदयतज्ज्ञांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर टोचलेल्या जागी निदान पाच मिनिटं दाबून धरा. गोळी आणि इंजेक्शन दोन्ही एकाच वेळी, आपल्या मनाने, अजिबात नाही.

मूत्रमार्गातली कांडी किंवा मलम वापरत असाल आणि पत्नी गरोदर असेल तर कंडोम वापरायलाच हवा.

१८. वडिलांच्या पायाच्या धमन्या बंद झाल्यात. हे औषध दिलं तर पाय वाचेल का?

जर्मनी, जपान अशा देशांत शिरेतून देण्याचं अल्प्रोस्टॅडिल या कामासाठी वापरतात. बसल्या जागी पाय दुखणं आणि जखमा भरणं यांत थोडा फायदा दिसतो. पाय कापावा लागण्याचं प्रमाण यामुळे कमी होतं, असं मात्र एकत्रित अभ्यासांत दिसलेलं नाही. धमनी उघडण्याची अँजिओप्लास्टी किंवा बायपास शक्य असेल तर आधी तेच. ते शक्य नसेल तेव्हा याचा विचार होतो. हृदय अशक्त असेल, नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल किंवा फुप्फुसांत पाणी साचत असेल तर देत नाहीत.

१९. बाळांसाठीचं ॲम्प्यूल आणि माझ्या इंजेक्शनचं औषध एकच आहे असं वाचलं. तेच वापरलं तर?

रेणू एकच, पण हे करू नका. बाळांच्या ॲम्प्यूलमध्ये १ मिलिलिटरला ५०० मायक्रोग्रॅम असतात. २० मायक्रोग्रॅमचा डोस हवा तर त्यातले फक्त ०.०४ मिलिलिटर घ्यावे लागतील. घरी, हातात साधी सिरिंज घेऊन इतकं मोजता येत नाही. एक मिलिलिटर गेलं तर ते पंचवीसपट झालं. वर ते निर्जल अल्कोहोलमध्ये असतं, पातळ न करता टोचायचं औषधच नव्हे.

‘ट्रायमिक्स’ या नावाने मिळणाऱ्या मिश्रणाचंही तेच. त्यात अल्प्रोस्टॅडिलबरोबर पॅपाव्हेरिन आणि फेंटोलामिन असतं. तिन्हींचं प्रमाण बनवणाऱ्यागणिक बदलतं, म्हणून जुन्या बाटलीवरचा डोस नव्या बाटलीला लावता येत नाही. बनवणारा बदलला तर पहिला डोस पुन्हा दवाखान्यातच घ्यायचा.